इतिहासाच्या तासिकेतील उपक्रम : सहभाग मिळतो, विचार कसा घडवावा?

प्रश्न

माध्यमिक वर्गांना इतिहास शिकवताना मी नाट्यीकरण, प्रश्नमंजूषा, कालरेषा असे उपक्रम नेहमी घेते. मुले उत्साहाने भाग घेतात. मात्र नंतर फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे लिहायला सांगितली, की पाठ्यपुस्तकातील तेच मुद्दे त्याच क्रमाने उतरतात आणि वर्गात जे घडले त्याचा उत्तरात मागमूसही दिसत नाही. एका तासिकेत बसतील आणि ज्यांत कार्यकारणभाव मुलांना स्वतः शोधावा लागेल, असे उपक्रम कोणी सुचवू शकेल काय?

प्रतिसाद १

नाट्यीकरणात संवाद आधीच ठरलेले असल्यामुळे मुलांना निर्णय घ्यावाच लागत नाही. त्याऐवजी ५ मे १७८९ रोजी व्हर्साय येथे सुरू झालेली इस्टेट्स जनरल ही सभाच वर्गात भरवावी. तिच्यात धर्मगुरू व सरदार यांचे प्रत्येकी सुमारे ३०० आणि सामान्य जनतेचे सुमारे ६०० प्रतिनिधी होते; त्याच प्रमाणात वर्गाचे तीन गट करावेत. ठराव एकच ठेवावा : करातून सूट असलेल्यांनीही कर भरावा. पहिले मतदान प्रत्येक गटाला एक मत या पद्धतीने घेतले, की ठराव बहुधा दोन विरुद्ध एक असा पडतो आणि निम्म्या वर्गाचा संताप अनावर होतो. हा संताप अभिनयाचा नसतो.

दुसरे मतदान दरडोई घ्यावे. पण त्याआधी धर्मगुरूंच्या गटात चिठ्ठ्या वाटाव्यात. या गटातील बहुसंख्य प्रतिनिधी बिशप नव्हते, तर साधे पाद्री होते. म्हणून बहुतेक चिठ्ठ्यांवर ‘तुटपुंज्या उत्पन्नाचा खेड्यातील पाद्री’ एवढेच लिहावे. चिठ्ठी वाचल्यावर ही मुले आधी एकमेकांकडे आणि मग समोरच्या गटाकडे पाहू लागतात. उपक्रमाची खरी मेख तेथेच आहे. प्रत्यक्षात सभा मतदान कसे घ्यावे यावरच अडून बसली होती, हे यानंतर सांगितले, तर पद्धतीवरून एवढा वाद का झाला हे वेगळे समजवावे लागत नाही. ‘आता सामान्यांनी काय करावे?’ यावर चर्चा होऊ द्यावी आणि मगच १७ जूनची राष्ट्रीय सभेची घोषणा व २० जूनची टेनिस कोर्टवरील शपथ (राज्यघटना होईपर्यंत न पांगण्याची) फळ्यावर लिहावी.

प्रतिसाद २

वरील उपक्रमाला बरीच पूर्वतयारी लागते. तेवढा वेळ नसल्यास परस्परविरोधी साधने समोर ठेवावीत. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटले तेव्हा, १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टन येथे पहिली गोळी कोणी झाडली, याबद्दल वसाहतीतील लोकांच्या शपथेवरील जबान्या एक सांगतात आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांचे वृत्तान्त दुसरेच. दोन्ही उतारे दोन गटांना द्यावेत आणि उतारा कोणी, केव्हा व कोणासाठी लिहिला, हे आधी विचारावे. हा प्रश्न इतिहासकारांनाही निर्विवादपणे सोडवता आलेला नाही. तो तसाच सोडून देण्याचे धाडस मात्र शिक्षकाने दाखवले पाहिजे. आपल्याला ‘बरोबर उत्तर’ सांगण्याची फार घाई असते.

प्रतिसाद ३

एक सावधगिरी सुचवतो. गुलामांचा व्यापार किंवा ज्यूंचा वंशसंहार अशा विषयांवर भूमिकाभिनय घेऊ नये. त्यात एक तर पोरखेळ होतो, नाही तर एखादे मूल खरोखर दुखावले जाते. ‘ब्रुक्स’ या गुलामवाहू जहाजाचा १७८८ मध्ये प्रसिद्ध झालेला आराखडा दाखवणे अधिक परिणामकारक ठरते. आधी काहीही न सांगता मुलांना तो नीट न्याहाळू द्यावा. त्या बारीक आकृती म्हणजे दाटीवाटीने झोपवलेली माणसे आहेत, हे लक्षात येताच वर्ग आपोआप शांत होतो. तो गुलामगिरीच्या विरोधकांनी प्रसिद्ध केला होता, हे त्यानंतर सांगावे आणि प्रचारासाठी काढलेले चित्र पुरावा म्हणून कितपत ग्राह्य धरावे, यावर चर्चा घ्यावी.

प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. यांपैकी लेक्सिंग्टनच्या उताऱ्यांपासून सुरुवात करीन. मात्र अशा तासिकेचे गुणदान कसे करावे? बोलकी मुलेच सगळे गुण घेऊन जातात.

प्रतिसाद २ (पुन्हा)

बोलण्याला गुण देऊच नयेत. शेवटच्या काही मिनिटांत प्रत्येकाकडून दोनच वाक्ये लिहून घ्यावीत : आपले मत आणि ते उताऱ्यातील ज्या ओळीवर आधारलेले आहे ती ओळ. गुण दुसऱ्या वाक्याला द्यावेत.