मदत हवी आहे : मुलींचं क्लब सॉकर, ईसीएनएल आरएल घ्यावं की गर्ल्स अकॅडमी? (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

लेकीच्या ट्रायआउट झाल्या. दोन क्लबांनी घेतो म्हटलंय आणि उत्तर द्यायला जेमतेम आठवडा आहे. रोज रात्री जेवणं झाली की घरात हाच विषय. इथे काहींच्या मुली या चक्रातून गेल्या असतील म्हणून धागा काढतेय.

लेक सातवीत आहे, जन्म ऑक्टोबर २०१२. लेफ्ट बॅक खेळते. पळायला चपळ, डावा पाय चांगला, पण अंगाने किरकोळ. आतापर्यंत गावातल्याच क्लबकडून खेळलीय.

पहिला पर्याय एका मोठ्या क्लबचा. क्लब ईसीएनएलचा (एलिट क्लब्स नॅशनल लीग, देशपातळीवरची क्लब लीग) सभासद, पण हिला जागा मिळतेय ती ईसीएनएलच्या टीममध्ये नाही, तिच्या खालच्या रीजनल लीगच्या, म्हणजे आरएलच्या टीममध्ये. "वर्षभरात वर घेऊ शकतो" असं तोंडी सांगितलंय. जायला पन्नास मिनिटं, ऑफिसं सुटायच्या वेळेला सव्वा तास, आठवड्यातून तीनदा. दुसरा क्लब गर्ल्स अकॅडमी लीगमध्ये आहे, घरापासून वीस मिनिटांवर. इथे ती क्लबच्या पहिल्या टीममध्ये असेल आणि कोचबाई म्हणाल्या की लेफ्ट बॅकची जागा रिकामी आहे. फी दोन्हीकडे साधारण सारखी. शोकेसची, म्हणजे कॉलेजचे कोच बघायला येतात त्या स्पर्धांची, विमानं-हॉटेलं वेगळी.

लीगांच्या आद्याक्षरांनी डोक्याचा भुगा झालाय. मला समजलेलं असं : ईसीएनएल २००९ साली क्लबांनीच एकत्र येऊन सुरू केली. २०१७ मध्ये खुद्द यूएस सॉकर फेडरेशनने मुलींची डेव्हलपमेंट अकॅडमी आणली. तिथे खेळणाऱ्या मुलींना शाळेच्या टीमकडून खेळता यायचं नाही, त्यावरून बरीच नाराजी झाली. एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या धामधुमीत फेडरेशनने ती गुंडाळली, आणि तिथल्या उरलेल्या क्लबांनी त्याच वर्षी गर्ल्स अकॅडमी उभी केली. म्हणजे "आम्हीच सगळ्यात वरचे" म्हणणाऱ्या आज दोन लीग, आणि दोघींच्या खाली आणखी पायऱ्या. मी शाळेत बॅडमिंटन खेळले. जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशी सरळ शिडी होती. इथे लीगमधली जागा क्लबची असते, मुलीची नाही. क्लबने उद्या लीग बदलली की आपल्या मुलीचीही बदलली!

विचारायचं एवढंच : मोठ्या क्लबच्या दुसऱ्या टीममधून खरंच कुणी वर जातं का? कॉलेजचे कोच आरएलचे सामने बघतात का? की जवळच्या क्लबात रोज मैदानावर उतरणं जास्त मोलाचं? नवऱ्याचं म्हणणं, आहे त्या गावच्या क्लबातच राहू दे, तेरा वर्षांची तर आहे. तेही मला पटतं, पण लेकीला पटत नाही.

– जर्सीची आई

---

कॅरीकर : माझी मुलगी आरएलमधून गेलीय, म्हणून लिहितो. वर घेतात, पण फार थोड्यांना, आणि जागा कोणत्या पोझिशनला रिकामी होते यावर सगळं अवलंबून. मोठ्या क्लबला दरवर्षी बाहेरून तयार मुली मिळतात, त्यामुळे घरातली मुलगी वर न्यायची त्यांना निकड नसते. "घेऊ शकतो" याला काही अर्थ नाही. सरळ विचारा, गेल्या दोन वर्षांत याच वयोगटातून किती मुली वर गेल्या? दोन्ही टीमचा सराव एकत्र होतो का? सराव एकाच वेळी, शेजारच्या मैदानावर, तोच मुख्य कोच असेल तर आशा आहे. वेगळ्या दिवशी, वेगळ्या मैदानावर असेल तर तुम्ही वरच्या टीमच्या प्रवासाचा खर्च भरताय असं समजा. (कडू वाटेल, पण आहे तसं आहे.)

कॉलेजचे कोच मोठ्या शोकेसला येतात ते आधीपासून यादीत असलेल्या मुली बघायला. मुलगी त्या यादीत जाते ती ईमेल, व्हिडिओ आणि कॉलेजच्या आयडी कँपमुळे (कोच मुली हेरतात ती शिबिरं). बाहीवरच्या लीगच्या बिल्ल्याने पहिला ईमेल उघडला जातो, त्यापुढे नाही. आणि डिव्हिजन वनचे (कॉलेज खेळांचा सगळ्यात वरचा गट) कोच दहावीनंतरच्या १५ जूनपर्यंत मुलीशी रिक्रूटिंगचं, म्हणजे टीममध्ये घ्यायचं, बोलू शकत नाहीत. तुमच्या लेकीसाठी ती तारीख २०२९ मध्ये येते. आत्ताच घाई करायला लावणारा क्लब कसली घाई करतोय ते बघा.

---

बे एरियातून : कॅरीकरांशी अर्धा सहमत. पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही आणि तुमच्या बाबतीत तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. २०२६-२७ पासून वयोगट १ जानेवारीऐवजी १ ऑगस्टपासून मोजणार आहेत. तुमची ऑक्टोबरची मुलगी आतापर्यंत २०१२च्या गटात सगळ्यात लहानांपैकी होती. जानेवारीत जन्मलेल्या मुलींशी झुंजत होती, "अंगाने किरकोळ" त्यामुळेच वाटत असणार. आता तिचा गट ऑगस्ट २०१२ ते जुलै २०१३. म्हणजे ती पुन्हा यू-१४ (चौदा वर्षांखालील) खेळेल आणि गटात मोठ्यांपैकी असेल. ताई, हा फार मोठा फरक आहे.

त्यामुळे मोठ्या क्लबला हे विचाराच : ट्रायआउटमध्ये तिला कोणत्या मुलींसोबत खेळवून बघितलं? जुन्या २०१२च्या गटात बघून आरएल ठरवलं असेल तर नव्या गटाच्या पहिल्या टीमच्या सरावाला एकदा बोलवा म्हणावं. यंदा सगळ्याच टीम मोडून नव्याने बांधल्या जातायत. मागायला हेच वर्ष बरं.

आणि एक. आपल्या लोकांच्या डोक्यात स्कॉलरशिप पक्की बसलेली असते. पूर्वी डिव्हिजन वनमध्ये मुलींच्या सॉकर टीमला १४ स्कॉलरशिप असायच्या, त्याही तुकडे करून वाटायच्या. जून २०२५ मध्ये हाउस खटल्याची (कॉलेज खेळाडूंना पैसे देण्यावरून झालेला) तडजोड मंजूर झाल्यापासून त्यात सामील झालेल्या कॉलेजांना ती मर्यादा नाही, पण रोस्टर, म्हणजे टीममधल्या मुली, २८ वर थांबतो. त्यातही कोच ट्रान्सफर होऊन आलेली एकवीस वर्षांची खेळाडू खुशाल घेतात. आयव्ही लीग आणि डिव्हिजन थ्री खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. फी परत मिळेल या हिशेबाने कुठलीच लीग घेऊ नका.

---

कॅरीकर : @बे एरियातून, वयोगटाचं लक्षातच आलं नव्हतं, बरोबर आहे. आमची त्याच डिव्हिजन थ्रीत खेळतेय, आणि मजेत आहे.

---

फिजिओ, टेक्सास : लीगबद्दल माझं मत नाही. पण या वयात मुलींमध्ये गुडघ्याच्या एसीएलच्या (आतला एक लिगामेंट) दुखापती मुलांपेक्षा बऱ्याच जास्त दिसतात, म्हणून दोन्ही क्लबांना विचारा की सरावाआधी फिफा ११+ सारखा दुखापती टाळायचा वॉर्मअप नियमित करतात का, आणि एका शोकेसला किती दिवसांत किती सामने खेळवतात. "वेळ मिळाला तर करतो" असं उत्तर आलं तर समजून जा. सव्वा तास गाडीत बसून उतरल्या-उतरल्या स्प्रिंट मारणंही गुडघ्यांना मानवत नाही, आणि परत येऊन गृहपाठ रात्री दहाला! झोप मोजा.

---

जर्सीची आई : सगळ्यांचे मनापासून आभार. वयोगट बदलणार हे माहीत होतं, पण लेक त्यामुळे मोठ्यांत जाईल हा हिशेब आम्ही केलाच नव्हता. आज मोठ्या क्लबला ईमेल केला : किती मुली वर गेल्या, सराव एकत्र की वेगळा, आणि नव्या गटाच्या पहिल्या टीमसोबत एक सराव करू द्याल का. त्यांचं उत्तर आलं, आकड्यांबद्दल अवाक्षर नाही, पण गुरुवारी सरावाला या म्हणतात. दुसऱ्या क्लबच्या कोचबाईंनी वॉर्मअपच्या प्रश्नाला लगेच फोन केला आणि पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. सीझनच्या शेवटी प्रत्येक मुलीला लेखी अभिप्राय देतात असंही कळलं. माझा कल तिकडे झुकलाय. गुरुवारचा सराव बघून लेकच ठरवेल.

हायस्कूलचं एक राहिलं. आमच्याकडे मुलींचं शालेय सॉकर शरद ऋतूत असतं. दोन्ही लीगमध्ये शाळेकडून खेळायला मुभा आहे म्हणे, पण त्या दोन-अडीच महिन्यांत क्लबचा सराव पूर्ण बंद असतो की आठवड्यातून एकदा तरी बोलावतात? न्यू जर्सीतलं कुणी असेल तर सांगा.

---

बे एरियातून : आमच्याकडे कॅलिफोर्नियात शाळेचा सीझन हिवाळ्यात, त्यामुळे तुमच्या वेळापत्रकाचं नाही सांगू शकत. पण ते क्लबागणिक बदलतं. सही करायच्या आधी लेखी घ्या. आणि मध्येच क्लब सोडला तर उरलेली फी भरावी लागते का, तेही त्याच कागदात बघा.

---

जर्सीची आई : बघितलं. भरावी लागते, दोन्हीकडे. एडिसन-मनरो भागातून कुणाची मुलगी गर्ल्स अकॅडमीच्या सरावाला जात असेल तर कारपूलसाठी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मंगळवार आणि गुरुवार मी नेऊ शकते.