तुलनेआधी पत्ता तपासा
उत्तर सोलापूर आणि अक्कलकोट या दोन तालुक्यांचे बालमृत्यूचे आकडे शेजारी ठेवून, दोन्हींत दरी आहे असा काढलेला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. जन्म-मृत्यूची नोंद घटना जिथे घडली तिथेच होते. अक्कलकोटचं बाळ उत्तर सोलापूर तालुक्यात येणाऱ्या सोलापूर शहरातल्या रुग्णालयात दगावलं, तर तो मृत्यू शहराच्या खात्यात पडतो. म्हणून आधी आईच्या नेहमीच्या राहण्याच्या पत्त्यावरून जन्म आणि मृत्यू, दोन्ही नव्याने वाटून घ्या. मग छोट्या संख्येचा घोळ: २०० जन्मांत ४ मृत्यू म्हणजे हजारी २०, एक वाढला की थेट २५! आरोग्य केंद्राच्या पातळीवर निदान ३ वर्षं एकत्र धरा. आणि ऊसतोडीला गेलेली कुटुंबं? ती यादीतूनच गळतात. ज्यांच्यासाठी ही दरी मोजायची, तीच मोजणीबाहेर राहतात.