लाइन डावीकडूनच खाली उतरली आहे, मदत हवी आहे

डाव्या इंटर्नल ज्युग्युलरमधून (मानेतली मोठी शीर) सेंट्रल लाइन, म्हणजे हृदयाजवळच्या शिरेपर्यंत जाणारी नळी, टाकली. एक्स-रेत कॅथेटर मध्यरेषा न ओलांडता एओर्टिक नॉबच्या (एक्स-रेत दिसणारा महाधमनीच्या कमानीचा फुगवटा) बाहेरून सरळ खाली गेलंय. रक्त सहज येतंय, न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाभोवती हवा साठणं) नाही. डावी एसव्हीसी (सुपीरियर व्हेना केव्हा, शरीराच्या वरच्या भागातलं रक्त हृदयात आणणारी मोठी शीर; डावीकडची सहसा जन्माआधीच नाहीशी होते) राहिलेली असेल का? सीटीत काय बघू?

प्रतिसाद १
असू शकते, हजारात तीन ते पाच जणांत सापडते. पण आधी धमनी नाही ना ते बघा. रक्ताच्या रंगावर जाऊ नका, ऑक्सिजन कमी असलेल्या पेशंटचं धमनीतलं रक्तही काळपट दिसतं. ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारं यंत्र) लावून दाबाचा वेव्हफॉर्म बघा, लाइनमधून रक्त काढून ब्लड गॅस तपासणीला पाठवा. तोवर त्यातून काही देऊ नका. लाइन उपसूही नका: धमनीत असेल तर दाबून न थांबणारा रक्तस्राव होतो, व्हॅस्क्युलर सर्जन लागतो.

लाइन शिरेतच आहे हे ठरलं की इको (हृदयाची सोनोग्राफी). पॅरास्टर्नल लाँग अॅक्सिसमध्ये (छातीच्या हाडाशेजारून हृदयाचा उभा छेद) डाव्या एट्रियमच्या (हृदयाचा वरचा कप्पा) मागे कोरोनरी सायनस (हृदयाचं स्वतःचं रक्त उजव्या एट्रियममध्ये नेणारी शीर) फुगलेला दिसेल. ९ मिली सलाइन आणि १ मिली हवा दोन सिरिंजमध्ये घुसळून डाव्या हाताच्या शिरेतून सोडा. बुडबुडे आधी कोरोनरी सायनसमध्ये, मग उजव्या एट्रियममध्ये आले तर निदान पक्कं. थेट डाव्या एट्रियममध्ये दिसले तर लाइन काढाच; हवेचा छोटा फुगा किंवा गुठळीही मेंदूत जाऊ शकते.

प्रतिसाद २
सीटीचं सांगतो. कॉन्ट्रास्ट उजव्या हातातून दिला असेल तर ही शीर न भरलेली राहते आणि एओर्टिक आर्चच्या डावीकडचा गोल ठिपका लिम्फ नोड वाटतो. एका स्लाइसवर ठरवू नका, खाली स्क्रोल करा. नोड दोन-चार स्लाइसमध्ये संपतो. शीर डाव्या हायलमच्या (फुफ्फुसात नळ्या शिरतात ती जागा) पुढून उतरून कोरोनरी सायनसला मिळते.

खरी फसगत डाव्या वरच्या लोबच्या अॅनॉमलस पल्मनरी व्हेनमध्ये (फुफ्फुसाची चुकीच्या जागी जोडलेली शीर) होते, तीही आर्चच्या बाहेरूनच जाते. डाव्या मुख्य ब्राँकसच्या (श्वासनलिकेची फांदी) पुढे शिरा मोजा. डावी एसव्हीसी असेल तर दोन: ती स्वतः आणि सुपीरियर पल्मनरी व्हेन. अॅनॉमलस व्हेनमध्ये तिथे नेहमीची पल्मनरी व्हेन नसते, आणि डावी ब्रेकिओसेफॅलिक (डावा हात-मानेचं रक्त उजवीकडे नेणारी शीर) मोठी दिसते. डाव्या एसव्हीसीत ती बहुधा बारीक किंवा गायबच.

प्रश्नकर्ता
गॅस शिरेचाच आला. उजवी एसव्हीसी नसेल तर?

प्रतिसाद २
क्वचित असतं, पण रिपोर्टमध्ये ते लिहायलाच हवं. पुढे पेसमेकर बसवायचा झाला तर उजवीकडून घातलेली लीडही (पेसमेकरची तार) कोरोनरी सायनसमधूनच वळवावी लागते. बायपासवर (हार्ट-लंग मशीन) रेट्रोग्रेड कार्डिओप्लेजियाचंही (हृदय थांबवायचा द्रव कोरोनरी सायनसमधून उलटा सोडणं) गणित बिघडतं, द्रव डाव्या शिरेतून वर निसटतो.