मदत हवी आहे: नॅव्हनच्या रेल्वेचा प्रश्न आयरिश सेनेटमध्ये मांडून घ्यायचा आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही आयर्लंडमध्ये, काउंटी मीथमधल्या नॅव्हनला राहतो. इथल्या सेनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, शॅनडमध्ये, आमच्या गावाच्या रेल्वेचा प्रश्न कुणीतरी नेमकेपणाने मांडावा यासाठी एका सेनेटरना पत्र लिहायचं आहे. इथल्या राजकारणाची माहिती असलेल्यांनी, किंवा कुठल्याही लोकप्रतिनिधीकडून असं काम करून घेतलेल्यांनी, मार्गदर्शन करावं ही विनंती.

आधी प्रश्न सांगतो. नॅव्हन हे जिल्ह्याचं मुख्य गाव, 2022 च्या जनगणनेत लोकसंख्या 33 हजारांच्या वर, डब्लिनपासून अंतर सुमारे 50 किलोमीटर. आणि गावाला प्रवासी रेल्वे नाही. रूळ मात्र आहेत! द्रॉहेडाच्या बाजूने मालगाडी येते आणि टारा खाणीतलं जस्त घेऊन डब्लिन बंदराला जाते. डब्लिनहून थेट येणारा जुना मार्ग 1963 मध्ये पूर्ण बंद झाला. त्यातला डनबॉइनजवळच्या एम-3 पार्कवे स्थानकापर्यंतचा तुकडा 2010 मध्ये परत सुरू केला. तिथून पुढे डनशॉक्लिन, किलमेसन आणि नॅव्हन हा टप्पा अजून कागदावरच. डब्लिन परिसराच्या 2022 ते 2042 च्या वाहतूक धोरणात तो आहे, म्हणजे 'करायचं' हे ठरलेलं आहे. कधी, कुठल्या पैशातून, हे काही कळत नाही.

याची झळ कुणाला बसते ते रोज दिसतं. डब्लिनच्या रुग्णालयांत काम करणाऱ्या कितीतरी भारतीय नर्सेस घरभाडं परवडत नाही म्हणून नॅव्हनला राहतात. माझी बायको त्यांतलीच. सकाळची पाळी साडेसात-आठची. पहाटेची बस मागच्याच थांब्यांवर भरली की आमच्या थांब्यावर थांबत नाही. पुढची पकडली तर वॉर्डमध्ये पोचायला उशीर, आणि तोपर्यंत रात्रपाळीची बाई तिची वाट पाहत ताटकळलेली. गाडीने जावं तर एम-3 महामार्गाचा टोल आणि शहराच्या तोंडाशी तुंबलेली रहदारी. शाळकरी पोरं, कॉलेजची मुलं, म्हातारी माणसं, सगळ्यांचंच हे रडगाणं आहे. आयरिश शेजारी आमच्याहून जास्त वर्षं हे सोसतायत.

आता सेनेटरच का? मी जे वाचलं त्यावरून माझी समजूत अशी. शॅनडमध्ये 60 सदस्य. 43 जण पाच व्यावसायिक गटांतून (पॅनेल) निवडले जातात, 6 विद्यापीठांच्या पदवीधरांकडून, आणि 11 पंतप्रधान नेमतात. पॅनेलच्या जागांना सामान्य माणूस मत देत नाही. मतदार म्हणजे कनिष्ठ सभागृहाचे खासदार, मावळते सेनेटर आणि देशभरातले 949 नगरसेवक-काउंटी सदस्य. आपल्या विधान परिषदेत स्थानिक स्वराज्य संस्थांच्या 22 जागा असतात, तसंच थोडंफार. म्हणून सेनेटरला अधिकृत मतदारसंघ नसला, तरी गावोगावच्या काउंटी सदस्यांचं ऐकल्याशिवाय त्याला गत्यंतर नसतं. एकाच भाषणात गावचा पूल आणि देशाचं आरोग्य धोरण दोन्ही येतं ते यामुळेच, असं मला वाटतं. 2013 मध्ये हे सभागृह बरखास्त करावं का यावर सार्वमत झालं आणि 51.7 टक्के लोकांनी ते राखलं. मला तो निर्णय योग्य वाटतो.

कामकाजात मला दोन जागा दिसतात. एक 'कमेन्समेंट मॅटर्स'. बैठकीच्या सुरुवातीला निवडक विषय घेतात, सेनेटर काही मिनिटं बोलतो आणि सरकारतर्फे मंत्री सभागृहात येऊन उत्तर देतो. आपल्याकडच्या लक्षवेधीच्या जवळचं. दुसरी 'ऑर्डर ऑफ बिझनेस'. तिथे कुणीही विषय काढू शकतो, पण उत्तर सभागृह नेते देतात, खात्याचा मंत्री नसतो. मला पहिली जागा हवी आहे.

अडचण अशी की जुन्या चर्चा वाचल्या तर मंत्र्यांचं उत्तर जवळपास ठरलेलं असतं: 'माझ्याकडे धोरण आणि एकूण निधी. नियोजनाची जबाबदारी राष्ट्रीय वाहतूक प्राधिकरणाची.' म्हणजे 'नॅव्हनला रेल्वे कधी?' असं विचारलं की चेंडू लगेच प्राधिकरणाकडे. मग विचारायचं कसं? मी असा मसुदा केलाय:

'नॅव्हन रेल्वेच्या आराखड्याच्या आणि पर्यावरण अहवालाच्या टप्प्यासाठी निधी कोणत्या वर्षी देणार, आणि रेल्वे ऑर्डरचा (मार्ग बांधायच्या परवानगीचा) अर्ज कोणत्या वर्षी दाखल होईल असं खात्याने धरलं आहे, हे परिवहन मंत्र्यांनी सांगावं.'

हे बरोबर आहे का? पत्रासोबत काय जोडावं? आणि मी अजून भारतीय नागरिक आहे, त्यामुळे पत्राचं वजन कमी होईल का, ही धाकधूक आहे.

– मीथवासी

---

लिमरिककर: मसुदा चांगला आहे. निधी मंत्र्यांच्या हातात असतो, तेव्हा तो प्रश्न त्यांना ढकलता येणार नाही. पण एका वाक्यात दोन गोष्टी विचारल्यात. उत्तर देणारा सोपी उचलतो आणि अवघड सोडतो. मुख्य प्रश्न निधीचा ठेवा. रेल्वे ऑर्डरचं वर्ष सेनेटरच्या हातात उपप्रश्न म्हणून द्या. मंत्र्याच्या उत्तरानंतर सेनेटरला थोडा वेळ परत मिळतो आणि तो फार मोलाचा असतो, कारण तोवर लिहून आणलेलं उत्तर वाचून संपलेलं असतं.

नागरिकत्वाची काळजी सोडा. काउंटी कौन्सिलच्या (आपल्या जिल्हा परिषदेसारख्या) निवडणुकीत इथे राहणाऱ्या कुठल्याही देशाच्या प्रौढ माणसाला मत देता येतं, नाव यादीत हवं एवढंच. तुम्ही दिलेल्या मतावर काउंटी सदस्य निवडून येतो आणि तो सेनेटर निवडतो. बायकोचं आणि तिच्या मैत्रिणींचं नाव यादीत आहे का ते आजच बघा. पुढची निवडणूक 2029 ची, पण नाव आत्ता घालता येतं.

कॉर्कची_मेधा: लिमरिककरांशी सहमत, एक भर घालते. सेनेटरकडे जाण्याआधी नॅव्हनच्या काउंटी सदस्याकडे जा. मीथ काउंटी कौन्सिलमध्ये 40 सदस्य आहेत. त्यांनी हा ठराव मांडून एकमताने मंजूर केला आणि तुम्ही त्याची प्रत जोडली, तर सेनेटरला ते एका घरचं गाऱ्हाणं वाटणार नाही, त्याच्या 40 मतदारांची मागणी वाटेल. आमच्या भागातल्या शाळेच्या जागांचा विषय असाच पुढे गेला होता.

दुसरं, अनेकदा परिवहन मंत्री स्वतः येत नाहीत, भलत्याच खात्याचे राज्यमंत्री येऊन उत्तर वाचून दाखवतात. सेनेटर चिडतात, ते नोंदीत येतं, पण तुमच्या हाती काही लागत नाही. म्हणून त्याच आठवड्यात मतदारसंघातल्या खासदाराला लेखी प्रश्न टाकायला सांगा. लेखी प्रश्न विचारायचा अधिकार फक्त खासदारांना आहे, सेनेटरना नाही. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली की फट कुठे आहे ते दिसतं.

ठाणेकर: भारतातून वाचतोय. विधान परिषदेच्या सदस्यांकडे वर्षानुवर्षं निवेदनं नेली आहेत, तेवढ्या अनुभवावर सांगतो. पत्र एका पानाचं करा. पहिल्या तीन ओळींत मागणी, मग गावाची माहिती, मग माणसं. नर्सेसचा मुद्दा ठळक ठेवा, कारण तिथे रेल्वेचा प्रश्न दवाखान्याचा होतो. पाळीवर माणूस वेळेत पोचला नाही तर खाटेवरच्या रुग्णाला त्रास होतो, हे कुठल्याही पक्षाच्या माणसाला पटतं. सह्या गोळा करत असाल तर त्यात जुने आयरिश रहिवासी भरपूर असू द्या.

मीथवासी: तिघांचेही मनापासून आभार. प्रश्न दोन भागांत तोडतो. ठरावाचं मला सुचलंच नव्हतं, या आठवड्यात आमच्या भागातल्या काउंटी सदस्यांना भेटतो. शेजारचे रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ सोबत यायला तयार आहेत. जुना मार्ग त्यांना पाठ आहे आणि ते माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं बोलतील. सह्यांची सुरुवात बसथांब्यावरूनच करतो.

मेधाताई, एकच राहिलं. कौन्सिलचा ठराव होईपर्यंत सेनेटरना काहीच कळवू नये, की 'ठराव येतोय' असं आधी सांगून ठेवावं? आणि इथे कुणी डनशॉक्लिन किंवा किलमेसनचं असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप करा. तिन्ही गावांच्या सह्या एकाच पत्रावर घ्यायच्या आहेत.