हांटकेनिनाचे काटे तरंगण्यासाठी होते, हे लिहिणं आता थांबवायला हवं

काटेसावर:
परवा एका नवशिक्याला हांटकेनिना अलाबामेन्सिस दाखवत होतो, त्याने विचारलं हे काटे कशासाठी, तर सवयीने "तरंगायला" असं बोलून गेलो आणि मग ते दिवसभर खटकत राहिलं म्हणून हा धागा काढतोय.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, हा इओसीन या कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या काळातला एकपेशीय समुद्री जीव, फोरॅमिनिफेरा गटातला. १९२४ मध्ये जोसेफ कुशमनने अलाबामातल्या नमुन्यांवरून याचं वर्णन केलं आणि हंगेरीचे जीवाश्म-अभ्यासक मिक्सा हांटकेन यांच्यावरून नाव ठेवलं. कवच अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, एकाच पातळीत गुंडाळलेलं त्यामुळे दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं, शेवटच्या वेढ्यात पाच-सहा कप्पे आणि प्रत्येक कप्प्यातून निघालेला एकेक लांब काटा, म्हणजे मायक्रोस्कोपखाली अगदी चांदणी. आता खरी गोष्ट ही की तो काटा पोकळ आहे. याच फोरॅमिनिफेरातल्या, आज जगणाऱ्या ग्लोबिजेरिनाचे काटे भरीव, केसासारखे बारीक, भरपूर संख्येने आणि भिंतीत रोवलेले असतात. हांटकेनिनात कप्प्याची भिंतच बाहेर ओढून नळी केल्यासारखी आहे. दोन्हीला आपण "काटा" म्हणतो आणि मग एकाचं काम दुसऱ्याला चिकटवतो, तिथेच गडबड होते.

माझं मत असं की ही नळी पेशीद्रव्य लांबवर पोचवण्यासाठी होती. छद्मपाद, म्हणजे पेशीद्रव्याचे बाहेर पसरणारे धागे, पसरायला पाच-सहा दिशांना आधार मिळाला की भक्ष्य पकडायचा घेर वाढतो. तरंगायचंच असेल तर कॅल्साइट, म्हणजे कवचाचं खनिज, वाढवणं हा उलटा उपाय आहे, त्याची घनता सुमारे २.७ आणि समुद्राच्या पाण्याची जेमतेम १.०३, मग जास्तीचं कवच म्हणजे जास्तीचं वजनच ना.

तळठाव:
वजनाचा मुद्दा अर्धाच मांडलात. एवढ्या लहान वस्तूसाठी पाणी पातळ नसतं, चिकट असतं, तिथे बुडण्याचा वेग नुसत्या वजनावर ठरत नाही तर पाण्याचा अडथळा किती यावरही ठरतो. पाच लांब काटे बाहेर आले की अडथळा वाढतो, आणि पोकळ असल्यामुळे वजन त्या मानाने कमी वाढतं. म्हणजे तुम्ही जो पोकळपणा तुमच्या बाजूने सांगताय तोच माझ्या बाजूने जास्त बोलतो, कमी मालात जास्त लांबी!

काटेसावर:
@तळठाव पोकळ म्हणजे रिकामी नाही हो, जिवंतपणी आत पेशीद्रव्य असणार. आणि असं बघा, हांटकेनिना गटाचे सुरुवातीचे सदस्य खोल, थंड पाण्यात राहत होते आणि नंतरचे वरच्या उबदार थरात आले हे कवचातल्या ऑक्सिजन आणि कार्बनच्या समस्थानिकांवरून (त्याच मूलद्रव्याचे हलके-जड अणू, त्यांचं प्रमाण पाण्याच्या तापमान-खोलीप्रमाणे बदलतं) दिसलंय. काटे दोन्हीकडे आहेत. तरंगण्याचं साधन असतं तर राहायची खोली इतकी बदलल्यावर काट्यात काहीतरी बदल दिसायला नको का?

तळठाव:
बदल आहेच की! उबदार पाणी कमी चिकट, तिथे बुडणं जास्त सोपं, मग काटे टिकून राहिले यात नवल काय. उलट तुम्हाला उत्तर द्यावं लागेल की जुन्या जातींचे कप्पे लांबुळके, बोटांसारखे ओढलेले होते ते अलाबामेन्सिसमध्ये गोल आणि फुगीर का झाले. घेर वाढवणं हाच फायदा असेल तर कप्पे आखूड कशाला होतील?

गाळसाळ:
मी रोज चाळणीवर धुतलेल्या गाळातून हे वेचते त्यामुळे दोघांनाही एक विनंती, आधी नमुना नीट बघा. शंभरातल्या बहुतेकांचे काटे मोडलेले असतात, नुसतं बुड शिल्लक असतं. काटा किती लांब होता, टोक उघडं होतं की बंद, यावर जे बोललं जातं ते मोजक्या चांगल्या टिकलेल्या कवचांवरून. मोडलेल्या टोकाला उघडं टोक समजून मी स्वतः एकदा चुकीची नोंद केली होती, नंतर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली कड खडबडीत दिसली तेव्हा कळलं.

माझ्यासाठी ओळखीची खूण लांबी नाहीच, काट्याची जागा आहे. जुन्या लांबुळक्या कप्प्यांत काटा कप्प्याच्या टोकावर असतो, आणि नंतरच्या जातींत तो सरकत दोन कप्प्यांच्या सांध्याजवळ येतो. हे मोडलेल्या नमुन्यातही दिसतं. आणि तुमच्या दोघांच्याही वादात ही जागा कुठेच नाहीये.

काटेसावर:
@गाळसाळ हे मान्य, जागेचा विचार मी केलाच नव्हता. पण @तळठाव यांच्या प्रश्नाचं उत्तर मला यातच दिसतंय. कप्पा आणि काटा ही दोन वेगळी अंगं आहेत. पूर्वज क्लाविजेरिनेला, त्याचे कप्पे लांब पण असे काटे नाहीत. त्यातून हांटकेनिना झाला तेव्हा लांब कप्प्याच्या टोकाला नळी आली, आणि एकदा पोचण्याचं काम नळी करायला लागली की कप्पा लांब ठेवायची गरज उरली नाही.

शिवाय फोरॅमिनिफेरातलाच, आज जगणारा लांब कप्प्यांचा हास्टिजेरिनेला डिजिटाटा आहे ना, कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात पाणबुडी रोबोटने तो साधारण ३०० मीटर खोलीवर जिवंत पाहिलाय, कमी ऑक्सिजनच्या थराच्या जरा वर, आणि तो कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या नात्यातले बारीक जीव, धरून खातो. लांबुळका आकार आणि शिकार यांचं नातं तिथे डोळ्यासमोर आहे.

तळठाव:
त्याला बारीक खरे काटेही आहेत, हांटकेनिनाला नव्हते. ते छद्मपाद त्या काट्यांवर ताणले जातात. तुम्ही सुरुवातीलाच म्हणालात की दोन प्रकारच्या काट्यांची सरमिसळ करू नका, आणि आता तुलनेला तोच घेतलात.

चुनखडी:
मला मुळात "कशासाठी" हा प्रश्नच वर्णनात नको वाटतो. इओसीन आणि त्यानंतरचा ऑलिगोसीन काळ यांची सीमा, ३.३९ कोटी वर्षांपूर्वीची, इटलीत मासिन्यानो गावाजवळच्या खडकांत हांटकेनिना गटाच्या नष्ट होण्यावर ठरवलीय. तिथे काम करणाऱ्याला काटा आहे की नाही, कुठे आहे, तोंड कसं आहे एवढंच लागतं. अर्थ लावायला लागलात की मग लोक अर्थाला साजेसे नमुने निवडतात.

काटेसावर:
@चुनखडी नोंदीत अर्थ मिसळू नये हे शंभर टक्के. पण प्रश्नच विचारू नये हे नाही पटत. तो पूर्ण गट, कप्पे बदलून, काट्याची जागा बदलून, खोलीतून वर येऊन दीड कोटी वर्षं तगला आणि पाणी थंड व्हायच्या त्या काळात संपला, यामागे शरीराचा काही संबंध असू शकतो की नाही हे कोणी विचारायचं?

@तळठाव डिजिटाटाबद्दल तुमचं बरोबर, तो पुरावा कच्चा आहे, मागे घेतो. तरंगण्याचं मात्र अजून मान्य नाही. काट्यासकट आणि काट्याशिवाय, त्याच आकाराची मोठी मॉडेल जाड तेलात सोडून बुडण्याचा वेग मोजता येईल, घनतेचं गणित नीट बसवून. @गाळसाळ, पूर्ण काट्यांच्या नमुन्यांची मापं असतील तर द्याल का, बुडाची जाडी आणि सांध्यापासूनचं अंतर धरून?

गाळसाळ:
चौदा आहेत पूर्ण काट्यांचे. रविवारपर्यंत मोजून टाकते, मोडलेले वेगळे ठेवून.