अनुभव धागा: चर्चची पुस्तकपेढी आणि कॉलेजच्या पुस्तकांचा खर्च

जून उजाडला की चर्चच्या सूचनाफलकावर 'जुनी पुस्तके द्या' अशी चिठ्ठी लागते, आणि ऑगस्टपर्यंत कपाट भरते ते कुणालाच नको असलेल्या पुस्तकांनी. तरी काही धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) आणि मंडळ्यांत गरजू कॉलेजविद्यार्थ्यांना पुस्तके वापरायला देण्याचे हे काम वर्षानुवर्षे नीट चालते. तिथल्यांनी पद्धत लिहावी. हृद्य कहाण्या नकोत. काय घ्यायचे, केव्हा, कुठून आणि काय बिघडते, तेवढे सांगा.

आगाशीकर

वसईकडे हे काम बहुतेक ठिकाणी सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेची मंडळी पाहतात. पहिला नियम म्हणजे आवाहन शेवटी करायचे. आधी गरजेची यादी, मग मिस्सानंतर (रविवारच्या उपासनेनंतर) घोषणा, तीही नेमकी: 'एसवाय बीकॉम, तिसरे सेमिस्टर, अमुक विषय, दोन प्रती'. मोघम आवाहन केले की लोक माळा साफ करतात.

अर्जात नुसते 'इंजिनिअरिंग' चालत नाही. कॉलेज, शाखा, सेमिस्टर, विषयाचे अभ्यासक्रमात छापलेले पूर्ण नाव, सरांनी सांगितलेला लेखक आणि आवृत्ती हे सगळे हवे. इंजिनिअरिंगवाल्यांचे अर्ज कॅप राउंड (केंद्रीय प्रवेशफेऱ्या) संपल्याशिवाय घेऊ नका, तोवर ब्रँच आणि कॉलेज दोन्ही बदलतात. बीए, बीकॉम, बीएस्सीला २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरणाचा ढाचा आला. मेजरची (मुख्य विषयाची) पुस्तके आधी घेऊन ठेवता येतात. मायनर (दुय्यम विषय) आणि ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला ऐच्छिक विषय) कॉलेजागणिक वेगळे, त्यांचे वेळापत्रक लागेपर्यंत थांबलेले बरे.

नावे वेदीवरून वाचायची नाहीत, फलकावरही लावायची नाहीत. दोघांनी मिळून घरी जायचे आणि पुस्तके घरीच द्यायची, ही संस्थेची जुनी शिस्त आहे. १८३३ मध्ये पॅरिसला संस्था सुरू झाली तेव्हा फ्रेडरिक ओझानाम स्वतःच विशीतला विद्यार्थी होता. मदत घेताना त्या वयात मान कशी खाली जाते, ते त्याला वेगळे सांगावे लागले नसणार.

नगरी खजिनदार

पैशांचे वेळापत्रक आणि ॲडमिशनचे वेळापत्रक जुळत नाही, खरी अडचण तिथे आहे. हंगामाच्या सणाला चर्चला अर्पण झालेल्या पिकाच्या लिलावातून बरी रक्कम येते, पण पीक हाती आल्यावर. तोवर पहिले सेमिस्टर अर्धे सरलेले असते. म्हणून या वर्षीचा लिलाव पुढच्या जुलैसाठी राखून ठेवावा. पुस्तकनिधीचे खाते-पान वेगळे ठेवा, नाहीतर छपराची गळती निघाली की सगळ्यात आधी हीच रक्कम जाते.

पावतीबाबत सावध. विशिष्ट धर्मसमाजापुरत्या ट्रस्टला देणगीवरच्या करसवलतीची, '८०जी' म्हणतात ती, मान्यता मिळत नाही, त्यामुळे देणगीदाराला करसवलतीचा शब्द देऊ नका. परदेशातून येणारे पैसे आणखी जपून. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने आखातातून स्वतःच्या बचतीतले पैसे बँकेमार्फत पाठवले, तर ती परकीय देणगी ठरत नाही. कॅनडाचा पासपोर्ट घेतलेल्या भाच्याने पाठवले तर ठरते, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळते ते) असले तरी. परकीय देणगी कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी नसेल तर त्याला सांगावे, गावी येशील तेव्हाही रोख देऊ नकोस.

आणखी एक, आमच्या जिल्ह्यात फार लागते ते. समाजकल्याण खात्याची पुस्तकपेढी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्यांना तो दर्जा नाही. कॉलेज 'तुम्हाला सरकारचे मिळते की' म्हणते आणि हातात काहीच येत नाही. यादी करताना ही मुले आधी धरावीत.

एबीसी फेरी

खरेदीचे मी सांगतो. पुण्यात अप्पा बळवंत चौक (एबीसी), मुंबईत माटुंग्याला किंग्ज सर्कलचा फुटपाथ. सगळ्या धर्मग्रामाची एक यादी घेऊन जा, एकेका मुलाला पाठवू नका. दहा प्रतींच्या वर सूट वाढवून मागता येते. लोकल ऑथरच्या पुस्तकावर दुकानदार जास्त सोडतो, इंग्रजी रेफरन्सवर कमी. छापील पुस्तकाला जीएसटी नाही, बिलात दिसला तर तिथेच विचारा. आणि बिलावर 'पंधरा दिवसांत बदलून मिळेल' असे लिहून घ्या, कारण दोन-चार पुस्तके चुकीच्या पॅटर्नची (जुन्या अभ्यासक्रमाची) निघतातच.

जुने घेताना मुखपृष्ठ पाहून फसू नका. आतले अभ्यासक्रमाचे पान उघडा. पुणे विद्यापीठात इंजिनिअरिंगचा २०१९ पॅटर्न आणि २०२४ पॅटर्न वेगळे, पुस्तकाचे नाव मात्र तेच.

काळा कोट

कायद्याची पुस्तके दान आली की आधी वर्ष बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, ५११ कलमांची ३५८ झाली. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ वरून १०३ वर गेले. फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा कायद्याचेही तेच. ती जुनी पुस्तके नव्या मुलाच्या हाती देऊ नयेत, तो जुनेच क्रमांक पाठ करून बसेल. १८७२ चा करार कायदा, घटना, न्यायशास्त्र यांची जुनी पुस्तके मात्र चालतात. कराच्या पुस्तकाला वर्षाच्या वर ठेवू नये.

वॉर्ड नं. ५

नर्सिंगला २०२१-२२ पासून सेमिस्टर पद्धत आली. जुन्या वार्षिक पॅटर्नची ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी वाया जात नाही, फक्त पाठांचा क्रम जुळत नाही. आतल्या पानावर पेन्सिलीने 'युनिट अमुक म्हणजे प्रकरण अमुक' अशी यादी करून चिकटवा, वरच्या वर्गातली मुलगी अर्ध्या तासात करून देते. नीटसाठी एनसीईआरटी हवी असेल तर २०२३-२४ ची किंवा त्यानंतरची छपाई. आधीच्या प्रतींत आता अभ्यासक्रमातून वगळलेले धडेही आहेत. पीडीएफ फुकट आहे, पण फोनवर जीवशास्त्र वाचणे म्हणजे शिक्षाच.

दाखल क्रमांक

दाखल नोंदवहीशिवाय पेढी दोन वर्षे टिकत नाही. रकाने एवढेच: क्रमांक, नाव, आवृत्ती, किंमत, कुणाला, केव्हा, परत केव्हा. शिक्का शीर्षकपानावर आणि आतल्या एका ठरलेल्या पानावर, सगळ्या पुस्तकांत तेच पान. पहिले पान फाडून पुस्तक विकले गेले तरी ओळखता येते. शिक्का आकृतीवर मारू नका.

परतीची तारीख परीक्षेची ठेवली की गोंधळ होतो. केटी लागलेल्या (विषय राहिलेल्या) मुलाला तेच पुस्तक पुन्हा लागते, मग तो 'हरवले' म्हणतो. निकालानंतर आठ दिवस ही मुदत ठेवा, आणि केटी असेल तर न विचारता एक सेमिस्टर वाढवा. गळती निम्म्याने तिथेच थांबते.

पावसाळ्यात कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे, खालचा कप्पा रिकामा. प्लॅस्टिकचे कव्हर दमट हवेत आत ओल धरते, खाकी कागद बरा. कसरीसाठी डांबरगोळ्या कापडात बांधून. पुस्तक भिजलेच तर दर दहा-पंधरा पानांत कोरा कागद घालून पंख्याखाली उभे करा, उन्हात नाही. रंगीत चित्रांचा गुळगुळीत आर्ट पेपर ओला असताना पान-पान सुटे केले तरच वाचतो. वाळला की त्याची वीट होते.

सोपारा लोकल

डिपॉझिट घ्यावे की नाही?

नगरी खजिनदार

घ्यावे. छापील किमतीचा चौथा हिस्सा, परत केल्यावर परत. फुकटच्या पुस्तकाला कव्हरसुद्धा घालत नाहीत.

आगाशीकर

असहमत. ज्याच्याकडे चौथा हिस्साही नाही तो अर्जच करत नाही, आणि कपाट बऱ्या घरच्या मुलांसाठी चालते. डिपॉझिटऐवजी मागच्या सेमिस्टरची पुस्तके आणल्यावर पुढची द्या. पहिल्या सेमिस्टरला विश्वास, दुसऱ्यापासून अदलाबदल.

दाखल क्रमांक

महागड्या मेडिकल-नर्सिंगच्या संचालाच डिपॉझिट घ्या, बाकीच्यांना आगाशीकरांची पद्धत. आणि पुस्तकांच्या नोंदवहीत एक पान मिनी ड्राफ्टर (इंजिनिअरिंग ड्रॉइंगचे पट्ट्यांचे साधन), ॲप्रन आणि सायंटिफिक कॅल्क्युलेटरचे करा. ड्राफ्टर पहिल्या वर्षानंतर माळ्यावरच पडून असतो. देताना स्क्रू आणि दोन्ही पट्ट्या मोजून द्या, परत येताना पट्टी हमखास एकच असते.