प्रतिसाद: बदलापूरचा 'दीड तास'

मुंबईऐवजी बदलापूरला घर घ्या, असं सुचवणाऱ्या लेखाला हा प्रतिसाद. बदलापूरला त्याच पैशांत मोठं घर मिळतं, हे त्यात लिहिलंय ते खरंच. पण 'सीएसएमटी (मुंबईचं मुख्य स्टेशन) काय, लोकलने दीड तास' हे त्यातलं म्हणणं पटत नाही. कल्याणच्या पुढे कर्जतकडे वर्षानुवर्षं दोनच रेल्वेमार्ग. लोकल, मेल, मालगाड्या सगळ्या त्यावरूनच. एक मालगाडी रखडली की मागचं सगळं ठप्प, आणि पर्यायी गाडी नाही. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली ती इथेच, बदलापूर-वांगणीच्या मध्ये.

आम्ही अकरा वर्षं तिथे राहिलो. मुलगी लहान असताना सोमवार ते शुक्रवार मी तिला झोपलेलीच पाहिली. पहाटे निघताना तिचं पांघरूण सारखं करायचो, रात्री परतल्यावर पुन्हा तेच. घर बघताना हा हिशेब कुणीच मांडून दाखवत नाही.